वाकून बसायची गाडी

९ नोव्हें., रवि.
गाडी आणली. नगरच्या शोरूमपासून राहुरीपर्यंत वाकून. चाळीस कि.मी. सुद्धा नाही, पण दारात उतरलो तेव्हा मनगटं मोडल्यासारखी आणि मान वर होईना. हँडल असं नाहीच. दोन बाजूंना दोन दांड्या, त्याही टाकीच्या खाली. पाय मागे, गुडघे पोटात. ब्रेक दाबायला पाय सवयीने पुढे जातो आणि तिथे काहीच नसतं.
वैशाली ओवाळायचं ताट घेऊन उभी. म्हणाली, "लोटांगण घालत आलात का नगरपासून?" चौदा वर्षांच्या संसारात ती इतकं मनापासून फारदा हसलेली नाही, म्हणून राग गिळला. हार कुठे घालायचा हाही घोळ. दांड्यांना घातला तर चाकात जातो. शेवटी पुढच्या दिव्याला बांधला.
मग सीटकडे बघून: "आणि मी कुठं बसायचं?"
मागे एक टेंगूळ आहे, तिथे मांजर बसेल.

१० नोव्हें., सोम.
जुनी गाडी, जुनाच रस्ता. गोठवलेल्या वीर्याचा नायट्रोजनचा कॅन कॅरिअरला. सात गावं, अकरा गायी. सोळा वर्षं हेच. लोक डॉक्टर म्हणतात, पण मी डॉक्टर नाही, गायी भरवणारा माणूस. डावा हात कोपराच्या वर गायीच्या आत, उजव्यात वीर्याची नळी, डोळे गोठ्याच्या पत्र्याकडे. डोळ्यांना बघण्यासारखं काही नसतंच. सगळं काम डाव्या बोटांचं.
जुन्या गाडीवर ताठ बसतो, डेअरीला दूध घालायला चाललेल्या माणसासारखा. वयाची बेचाळीस वर्षं झाली आणि आपण अजून ताठच बसलोय. दिवसभर अंगणातली ती काळी गाडी डोक्यात. एका गोठ्यात कॅनचं झाकण विसरून आलो, परत जावं लागलं.

१३ नोव्हें., गुरु.
स. ६ ला एकटाच विद्यापीठाच्या बाजूला दोन फेऱ्या. हळू चालवली की सगळा भार मनगटांवर येतो. स्पीडब्रेकर आला की दातापर्यंत. आरशात स्वतःचं कोपर दिसतं, मागचा ट्रक दिसत नाही.
मान दुखते. खांदे दुखतात. वै. तेल चोळताना: "एवढं दुखतं तर कशाला बसता?"
कशाला बसतो, हे मलाच धड सांगता येत नाही.

१६ नोव्हें., रवि.
तिसगाव. मेव्हण्याकडे जेवण. वै. एसटीने, मी गाडीवर. "नवराबायको एका घरी दोन वाटांनी," असं मेव्हणा सगळ्यांना सांगत होता.
पण करंजीचा घाट! नगर सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, सत्तरच्या वर गेलो आणि वाऱ्याने छातीला खालून हात दिला. एकदम मनगटं रिकामी. या बसण्याचा अर्थ तेव्हा कळला. गाडी वेगासाठी वाकलीय, आपण उगाच गल्लीबोळात वाकत होतो. वळणावर मी वळायचं ठरवायच्या आत ती वळलेली. मी मोठ्याने ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. इतका आनंद झाला की वरच्या टपरीवर थांबावं लागलं.
परतताना पुढे उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, वीसच्या वेगाने, पार नगरपर्यंत. पुन्हा मनगटं.

१८ नोव्हें., मंगळ.
रविवारचीच गाडी, असं वै.ला कबूल केलं होतं. आज कामावर नेली.
कॅन पाठीवरच्या पिशवीत घेतला. चूक. आपण वाकलो की कॅनही वाकतो आणि नायट्रोजन उडून जातं. श्रीरामपूरला पीटरदादाच्या गॅरेजात गेलो. कॉलेजपासूनची ओळख, माझ्या प्रत्येक गाडीचा डॉक्टर तोच. टेंगळावर कॅन उभा राहील असा लोखंडी पिंजरा करून दिला. बघून म्हणाला, "घोड्यावर दुधाची किटली बांधली लेका तू."
गावागावांत चर्चा. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

२० नोव्हें., गुरु.
सलग तिसरा दिवस, रोज ऐंशीएक कि.मी., सगळे गावातले रस्ते, सगळे हळू. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. क्लच याच हाताने. आधी संध्याकाळपुरतं होतं, आज सकाळी उठल्यावरही. शर्टाचं बटण लावायला वेळ लागला. वै.ने पाहिलं.
होईल सवय. नव्या चपलेनेही पाय सोलतात.

२१ नोव्हें., शुक्र.
कॅनॉलपलीकडच्या तारामावशीचा स. ९ ला फोन. "गौरी रातच्यापासून हंबरतीया. उलटली वाटतं." म्हणजे गाभ धरला नाही, पुन्हा माजावर आली. अडीच महिन्यांपूर्वी मीच भरवली होती, गाभण आहे का ते तपासायचंच होतं. गेलो. मावशी गाडी बघून: "आरं डॉक्टर, ह्याच्यावर बसतोस का झोपतोस?"
हात घातला. गर्भाशयाची दोन्ही शिंगं सारखीच वाटली. गाभण नाही, खाली आहे म्हणालो, पुन्हा भरवली.
पुढे चार गावं होती. सारखीच वाटली. म्हणजे करंगळीच्या बाजूला नीटसं

जेवून घेतो.

२५ नोव्हें., मंगळ.
गौरी गाभडली.
मावशीचा फोन आला तेव्हा जुन्या गाडीवर होतो, तसाच गेलो. कडब्यावर टाकलेलं होतं, वीतभरही नाही. खूर दिसायला लागलेले. अडीच महिन्यांचं बरोब्बर.
म्हणजे ती खाली नव्हती. गाभण गाय कधी कधी माज दाखवते, हे मीच लोकांना सांगत फिरतो. शंका आली तर नळी घालायची नाही, गाभ पडतो, हेही मीच सांगतो.
मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी. मग: "तू तर खाली म्हणला व्हतास."
"कधी कधी हाताला लागत नाही, मावशी."
"व्हय. जनावराचं काय सांगावं." थोड्या वेळाने: "तुझ्या हाताला गुण हाय रं. सोळा वर्सं तुझाच हात लागतोय माझ्या गोठ्याला. ह्या वक्ताला न्हवतं नशिबात."
मी मान हलवली. गौरीला इंजेक्शन दिलं, आतून गोळ्या ठेवल्या. एवढंच.
बोटं बधिर होती आणि मला ठाऊक होतं, हे सांगितलं नाही.

२७ नोव्हें., गुरु.
हाडांच्या डॉक्टरकडे. तळहाताच्या कडेला नस दबलीय म्हणाले. महिनाभर ती गाडी बंद, नाहीतर बोटं कायमची आळशी होतील. "काम काय करता?" सांगितलं. हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "मग तर ताबडतोब बंद."
घरी येऊन वै.ला सगळं सांगितलं. गौरीचंही. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली.
"मावशीला सांगितलं?"
"काय सांगू?"
"जे मला सांगितलं ते."
परकरी पोर असल्यापासून तिने तिसगावला गुरं राखलीत. तिला गाभडलेल्या गायीचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त कळतो.

३० नोव्हें., रवि.
सबंध दिवस घरात. गाडीकडे बघितलं नाही. मग दहा वेळा बघितलं. दुपारी फडकं मारलं. किल्ली लावून नुसता आवाज ऐकला. शेजारच्या काकांनी भिंतीवरून डोकं काढलं: "कुठं चाललात?" कुठंच नाही.
स्वतःचा इतका राग येतोय की कुठे तरी जावंसं वाटतं, आणि जायचं म्हटलं की तीच गाडी आठवते.

२ डिसें., मंगळ.
पीटरदादाकडे. गाडी टेम्पोत घालून नेली, विकून टाक म्हणालो. त्याने कारण विचारलं. ऐकून घेतलं सगळं. मग गाडी स्टँडवर उभी करून मला वर बसायला लावलं आणि लांबून बघत राहिला, शिंपी बघतो तसा.
"गाडीचा दोष न्हाई. तू हातावर बसतोस."
"मग कशावर बसू?"
"मांड्यांवर. टाकी गुडघ्यांनी आवळ. पोट आत घे, पाठ पोटानं धर. हँडल नुसतं कोंबडीचं पिल्लू धरल्यावानी. आता दोन्ही हात सोड. पडलास तर तू आजवर हातावरच व्हतास."
सोडले. तोंडावर आपटलो, टाकीवर. गॅरेजातल्या सगळ्यांनी पाहिलं.
दहा-बारा वेळा केलं. शेवटी दहा आकडे मोजेपर्यंत राहिलो. मांड्या जळत होत्या. दांड्याही त्याने जरा वर उचलून, आत वळवून दिल्या. गाडीला एक गिऱ्हाईक आहे म्हणाला, पण घाई करू नको. "एक डाव नीट बसून बघ, मग वीक." टेम्पोतूनच परत घरी आणली.
एवढं साधं आधी विचारायला काय झालं होतं? कॉलेजपासून गाड्या चालवतोय, मला कोण शिकवणार, हाच माज.

६ डिसें., शनि.
काम जुन्या गाडीवर. ज्या गायींचं पोट तपासायचं त्या सगळ्या सरकारी दवाखान्याकडे पाठवतोय. कारण सांगतो, हाताला लागलंय. लोक हळद लाव म्हणतात.
संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीवर हात सोडून बसायचा सराव. वै. दारातून: "विमान उडालं का?" तरी पंचवीस मोजले.
अंगठीचं बोट जागं झालंय. करंगळी अर्धी. रोज झोपताना वै.च्या पदराची शिवण त्या दोन बोटांनी चाचपून बघतो. ती बघू देते.

९ डिसें., मंगळ.
डॉक्टरांनी महिना सांगितला होता, बारा दिवस झालेत. स. ७ ला गाडी काढली. विद्यापीठाची एकच फेरी. चाळीसच्या वेगाला, मुद्दाम. टाकी आवळून, हात रिकामे. उतरलो तर पाय लटपटले आणि बोटं ठीक.
म्हणजे जमतं. आधीही जमलं असतं. याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. गौरी दूध कमी देतेय असं कुणाकडून तरी कळलं.

१२ डिसें., शुक्र.
वै.ने पुन्हा विचारलं. "सांगितलं?"
"सांगून गाभ परत येणारे का?"
"न्हाई येणार. पन ती तुमच्या हातावर भरवसा ठिऊन बसलीया. तो भरवसा खोटा हाय का खरा, एवढं तरी तिला कळू द्या." चिडली की ती तिसगावचं बोलते.
मीही चिडलो. सगळी गावं उद्या बोलतील, पोटावर पाय येईल, असं बरंच काही. ती ऐकत होती. शेवटी मलाच माझं ऐकवेना.

१४ डिसें., रवि.
मावशीचाच फोन. कालवडीला भरवून अडीच महिने होत आले, गाभण हाय का बघून जा. दवाखान्यात न्या म्हणणार होतो. येतो म्हणालो.
गाडी काळीच नेली. अठरा कि.मी., पस्तीसच्या पुढे नाही. गुडघ्यांनी टाकी आवळून, एकदाही हातावर न बसता. मुद्दाम. हात कसा आहे ते आज मलाही बघायचं होतं.
मावशीने कालवड खुंटाला बांधून ठेवलेली, गरम पाण्याची बादली तयार, साबण काढून ठेवलेला. नेहमीसारखं सगळं. मी बाह्या वर केल्या आणि तसाच उभा राहिलो.
"मावशी, गौरीच्या वेळी माझी दोन बोटं बधिर होती. या गाडीमुळे. मला माहीत होतं. तरी हात घातला, आणि खाली आहे म्हणालो."
ती दावं धरून उभी होती. कालवडीनेच दोनदा शेपूट हलवलं. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, "आज कळतंय का हाताला?"
"बघतो."
हात घातला. डोळे मिटले. उजवं शिंग बारीक, घट्ट. डावं जरा भरलेलं, जरा मऊ. करंगळीच्या बाजूला गर्भाच्या पिशवीचं ते पातळ सरकणं लागतंय असं वाटलं. पुन्हा चाचपलं. मला लागतंय की लागावंसं वाटतंय, ते ठरवता येईना. एरवी एका दमात सांगून मोकळा झालो असतो.
हात काढला. "गाभण वाटतेय. पण खात्रीने सांगत नाही. दहा दिवसांनी परत बघावं लागेल."
सोळा वर्षांत कुणाच्या गोठ्यात हे वाक्य बोललो नव्हतो.
मावशीने बादली पुढे सरकवली. मी हात धुतले. तिने कालवडीचं दावं सैल केलं, पाठीवरून हात फिरवला, तिच्याकडेच बघत म्हणाली, "धा दिसानं बघू. पन कुनाचा हात लावायचा ते मी ठरवीन."
"हो."
चहा दिला. घेतला. तिच्या सुनेने गाडी पुसायला फडकं आणून दिलं, तेही घेतलं. पीटरदादाच्या गिऱ्हाइकाला अजून काही कळवलेलं नाही.
निघताना फाटकापर्यंत ती येते आणि सावकाश जा म्हणते. आज नुसती फाटकापर्यंत आली.