आमच्याकडे

आर्वी, मार्च १९५५. मंगळवार, दिवेलागण.

सुशीला शिकवणीला आली होती. मॅट्रिकची मुलगी, पण मतं केवढी ठाम! "रडका शिनेमा मले नाई आवडत. गान्यात बासरी पाह्यजे. अन् कादंबरीचं शेवटचं पान मी आधीच वाचतो. तुमाले काय आवडते, बाई?"

"आमच्याकडे भजनं आवडतात."

"आमच्याकडे म्हंजे कोनाले? तुमी तं एकट्याच राह्यता!"

ती हसली, मीही हसले. हे जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते 'आमच्याकडे' तोंडातून जात नाही. भजनं त्यांना आवडायची. मला कंटाळाच यायचा. मग मला काय आवडतं? भाकरी थापताना आठवलं... लावणी! रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं, "मला लावणी आवडते."

कोणी रागावलं नाही. रागावलं असतं तरी चाललं असतं.