दिवसाला सहा चादरी

३ नोव्हेंबर, सोमवार

वन्सं यांस,

नमस्कार. तुम्ही सगळी खुशाल असाल. आम्हीही खुशाल आहोत. सहा वर्षांनी पत्र आले म्हणजे काहीतरी वाईट घडले, असे समजून लगेच डोळ्यांना पदर लावू नका. घडले आहे ते एवढेच, की तुमच्या बंधूंच्या निवृत्तीला तुम्ही पाठवलेला कपडे वाळवायचा ड्रायर बंद पडला आहे.

बंद म्हणजे ड्रम फिरतो, आवाज करतो, वेळ संपली की शिट्टीही वाजवतो. फक्त गरम होत नाही. तासाभराने कपडे जसे टाकले तसे ओले बाहेर येतात. काही माणसे नोकरीत अशीच तीस वर्षे काढतात, पण यंत्राकडून माझी ही अपेक्षा नव्हती.

कंपनीला फोन केला. वीस मिनिटे बासरी ऐकवली आणि मग एका मुलीने सांगितले की हे मॉडेल फार जुने आहे. मी म्हटले, मीही जुनी आहे, तरी अजून बोलते आहे. तिला ते कळले नाही. मग एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो बुटांसकट आत आला, दारातूनच यंत्राकडे पाहिले, मागे वाकायचे कष्टही घेतले नाहीत, आणि म्हणाला, "आजी, टाकून द्या." मी त्याला सांगितले की मी तुझी आजी नाही, आणि मी एकतीस वर्षे गणित शिकवले आहे, उदाहरण न सोडवता उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देत असे. तो बूट वाजवत निघून गेला.

गेले तीन आठवडे ऊन नाही. खिडकीबाहेर कपडे वाळत घालायला आमच्या इमारतीत मनाई आहे. स्वयंपाकघरात दोरी, बैठकीच्या खोलीत दोरी, न्हाणीघरात दोरी. घरात चालताना ओल्या चादरी तोंडावर येतात. दिवसाला सहा चादरी वाळवायच्या म्हणजे चेष्टा नाही.

तेव्हा आता ते मीच उघडणार आहे. त्यासाठी यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका हवी. यंत्र आधी तुमच्या पत्त्यावर आले होते, आणि तुम्ही कागदाचा कपटाही टाकत नाही. शाळेत तुम्हाला 'खार' आणि मला 'पट्टी' उगाच म्हणत नव्हते. पुस्तिका असली तर पाठवावी. घाई आहे. पंचवीस तारखेला आमच्याकडे पाहणीसाठी एक नर्स येणार आहे आणि त्या दिवशी घरातले अंथरूण कोरडे हवे. कोरडे नसेल तर काय होईल ते मी इथे लिहीत नाही.

तुमचे बंधू ठीक आहेत. भूक चांगली आहे.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही निघालात तेव्हा आमच्या घराची किल्ली मी तुमच्याकडून काढून घेतली होती, त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, हे स्पष्ट असावे.

आपली,
वहिनी


१३ नोव्हेंबर, गुरुवार

वन्सं,

पुस्तिका मिळाली. आभार. सोबतची चिठ्ठीही मिळाली. सहा वर्षांनी तुम्ही मला एकच ओळ लिहिलीत: "दोघांच्या घरात दिवसाला सहा चादरी कशाला?"

गणितात तुम्हाला माझ्यापेक्षा नेहमी कमी गुण. शाळेतल्या सिस्टर तुम्हाला माझ्या शेजारी बसवायच्या ते त्यासाठीच. पण हे उदाहरण तुम्ही बरोबर सोडवलेत.

आधी यंत्राचे सांगते.

प्लग काढला. यंत्र भिंतीपासून ओढायला मला अर्धा तास लागला, आणि कमरेने त्याचा हिशेब दोन दिवस घेतला. मागच्या पत्र्याला आठ स्क्रू. ते बटणांच्या डबीत काढले त्याच क्रमाने ठेवले. शिवणाच्या सिस्टर म्हणत ना, उसवायच्या आधी टाके मोजा. प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते वहीत काढून ठेवले. तळमजल्यावर एक म्हातारा रेडिओवाला आहे, त्याच्याकडून मीटर आणला. त्याच्या दोन सुया दोन टोकांना लावायच्या. आतून वाट सलग असेल तर मीटर टीं करतो, तुटली असेल तर गप्प बसतो. हीटर बोलला. दुसरा एक भाग बोलला. कोटाच्या बटणाएवढा एक फ्यूज होता, तो गप्प बसला. यंत्र फार तापले की तो स्वतः जळतो आणि उष्णता तोडतो. दुरुस्तीवाला ज्याला टाकून द्या म्हणाला, त्याचा दोष सापडायला मला एक सकाळ लागली. मी एकटीनेच टेबलावर थाप मारली.

रेडिओवाला म्हणाला, नवा फ्यूज मागवतो, आठ-दहा दिवस लागतील. आणखीही काहीतरी म्हणाला: "बाई, तो उगाच नाही जळत. हवा कुठे अडलीय ते आधी बघा." मी मान हलवली. माझे लक्ष कॅलेंडरकडे होते.

आता चादरींचे. 'तुम्ही' म्हणत हे लिहायला मला दम लागतो आहे, म्हणून 'तू' म्हणते. खारे, तुझ्या भावाला आता काही कळत नाही. लघवी झाल्याचेही कळत नाही. बांधलेला डायपर तो काढून टाकतो, उशीखाली लपवतो, मी पाहिले की लाजतो. कशाची लाज ते विसरतो, पण लाजतो. रात्री तीन चादरी, दिवसा तीन. ऑक्टोबरात ती नर्स आली तेव्हा त्याच्या अंगाखालची चादर दमट होती. त्याच्या आधीच्या दिवशी ड्रायर बंद पडला होता. पाठीला खाली एक जखम झाली होती, ती मी पाहिलीच नव्हती.

नर्स वाईट नाही. मी तिला बरेच बोलले तरी तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "तुम्ही फार थकलात, बाई. पंचवीसला परत येते. तेव्हाही असंच दिसलं, तर यांना देखभाल केंद्रात हलवा असं मला लिहावं लागेल."

मी ते केंद्र पाहून आले. लांब व्हरांड्यात ओळीने खुर्च्या, समोर टीव्ही, आणि टीव्हीकडे कोणीच पाहत नाही. एक गृहस्थ मांडीवर एक बूट घेऊन बसले होते. दुसरा कुठे आहे म्हणून ते प्रत्येक येणाऱ्याला विचारत होते, आणि प्रत्येक जण "आणते हं" म्हणून पुढे जात होता. तुझा भाऊ तिथे महिनाभर काढणार नाही. हा माझा अंदाज नाही, उत्तर आहे.

ड्रायर कालपासून चालू आहे. कसा, ते विचारू नकोस. चादरी गरम गरम बाहेर येतात. काल त्याला तशा चादरीत गुंडाळले, तर डोळे मिटून हसला. इतके दिवस कुठे गेले होते हे हसू कोण जाणे.

भेटायला यायची गरज नाही. पंचवीस निघून गेली की सगळे ठीक होईल.

वहिनी


२२ नोव्हेंबर, शनिवार

खारे,

तुझे पत्र आले. "कसा चालू केलास?" असे तू विचारले आहेस. तुला नको तेच विचारायची सवय पहिल्यापासून.

फ्यूज आलेला नव्हता. मी जळलेला काढला आणि तिथली दोन टोके टेबललॅम्पच्या तारेच्या तुकड्याने जोडून टाकली. पुस्तिकेत पान सत्तावीसवर काळ्या चौकटीत लिहिले आहे, की असे कधीही करू नये. तिथे समासात तू पेन्सिलीने दोन रेघाही ओढल्या होत्यास. मी ते वाचले होते. न वाचता केले असते तर ती चूक ठरली असती.

एक आठवडा उत्तम चालला. जखमही भरत आली. मला वाटू लागले होते की मी जिंकले.

परवा, गुरुवारी सकाळी अकराला, मी ड्रायर लावला आणि त्याच्या मलमासाठी खाली औषधाच्या दुकानात गेले. जाताना दाराला बाहेरून कुलूप लावले.

हे वाक्य मी तीनदा खोडले आहे. मार्चमध्ये तो स्लिपर घालून एकटाच बसथांब्यापर्यंत गेला होता. तेव्हापासून मी बाहेर जाताना त्याला कुलूपबंद करते. नर्सला हे माहीत नाही. कोणालाच नाही. दहा मिनिटांत परत यायचे, असा माझा नियम आहे.

त्या दिवशी दुकानदाराने वेगळ्याच कंपनीचे मलम दिले आणि वर मलाच सांगू लागला की दोन्ही एकच. मी त्याला दोन्ही डब्यांवरचे प्रमाण मोठ्याने वाचून दाखवले. रांगेतले लोक हसले. त्याने माफी मागितली. मी जिंकून बाहेर पडले तेव्हा अर्धा तास झाला होता.

दुसऱ्या मजल्यावर धुराचा वास आला. तिसऱ्यावर धूर दिसला. आमच्या दाराशी माझ्या हातून किल्ली कुलपात जाईना. खारे, मी एकतीस वर्षे फळ्यावर एका फटक्यात वर्तुळ काढले आहे. त्या दिवशी किल्ली दोनदा खाली पडली. आतून काहीही आवाज येत नव्हता. मी दारावर डोके आपटत होते आणि त्याला नावाने हाक मारत होते. नाव घेऊन त्याला मी लग्नाआधी हाक मारत असे, तुमच्या अंगणात.

दार उघडले. तो ड्रायरजवळ जमिनीवर बसला होता. प्लग भिंतीतून काढलेला, त्याच्या मांडीवर. धुवायच्या ढिगातल्या त्याच्याच ओल्या चादरी त्याने यंत्रावर आणि मागच्या नळीवर टाकल्या होत्या. त्यांतून वाफ निघत होती. तळहाताला फोड आला होता. बाकी काही नाही. त्याने माझ्याकडे वर पाहिले आणि शांतपणे, ऑफिसात बोलायचा तसा, म्हणाला, "बाई, जाळी साफ करायला हवी होती तुम्ही."

आठ महिन्यांतले त्याचे पहिले पूर्ण वाक्य. मला बाई म्हणाला. यंत्र त्याला ओळखता आले, मी नाही.

रेडिओवाला धावत वर आला, खिडक्या उघडल्या, त्याच्या हातावर पाणी धरले. मग मागची नळी काढली. भिंतीबाहेर गरम हवा सोडणारी ती जाड नळी, आत कपड्यांची लव कोंबल्यासारखी भरली होती. राखाडी, मऊ, एका उशीला पुरेल इतकी. टोकाला जळून काळी. हवेला जायला वाटच नव्हती, म्हणून यंत्र तापले, म्हणून फ्यूज जळला. फ्यूज आपले काम करत होता. मी त्याला मध्येच उठवून बाहेर काढले.

तुला माहीत आहे, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो यंत्रामागे जाऊन बसायचा? जाळी काढायचा, नळी काढायचा, जुन्या ब्रशने तासभर झाडत बसायचा. मला वाटे, भांडी घासायला लागू नयेत म्हणून हे सोंग. मी त्याला 'लवमंत्री' म्हणायची. तोही हसायचा आणि ब्रश चालूच ठेवायचा. गेली दोन वर्षे ते कोणी केले नाही. त्याला नळीपाशी कसे जायचे ते आठवेना, आणि ती नळी साफ करावीच लागते हे मला माहीत नव्हते.

आता दुसरे. सहा वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात तू म्हणालीस, "त्यानं मला एकच गोष्ट चारदा विचारली. त्याला डॉक्टरकडे ने." मी तुला म्हटले, माझ्या घरात येऊन माझ्या नवऱ्यात खोट काढू नकोस, तो पहिल्यापासून वेंधळाच आहे, किल्ली टेबलावर ठेव आणि चालू लाग. तू ठेवलीस आणि गेलीस. मी त्याला डॉक्टरकडे नेले ते त्यानंतर दोन वर्षांनी. डॉक्टरांनी विचारले, हे कधीपासून? मी म्हटले, गेल्या महिन्यापासून. खारे, मला ते तुझ्याही आधीपासून दिसत होते. त्याने माझ्याही पुढ्यात तेच प्रश्न चारदा विचारले होते, आणि मी प्रत्येक वेळी त्याची चूक सुधारली होती. चूक आहे तोवर सुधारता येते. आजार आहे म्हटले की माझ्या हातात काही उरत नव्हते.

खरा फ्यूज काल आला. रेडिओवाल्याने समोर बसून माझ्याकडूनच बसवून घेतला. नवी नळी लावली, जाळी साफ केली. यंत्र आता जसे चालायला हवे तसे चालते. मंगळवारी अंथरूण कोरडे असेल.

पण मंगळवारी मी नर्सला सगळे सांगणार आहे, तारेसकट आणि कुलपासकट. लपवले तर तो घरी राहील, आणि मला पुन्हा दुकानात जावे लागेल, आणि मी पुन्हा कुलूप लावीन. मी स्वतःला ओळखते. सांगितले की ती मला एकच प्रश्न विचारेल: घरात दुसरे कोण आहे? त्या प्रश्नापुढे मी दोन दिवस बसून आहे. उलटसुलट करून पाहिला, त्याला दुसरे उत्तर निघत नाही.

ये.

किती दिवसांसाठी ते मला विचारता येत नाही. तू मला बोल, हवे तितके बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही, म्हणजे प्रयत्न करीन. तो तुला बहुधा ओळखणार नाही. ओळखलेच, तर मला फार राग येईल, आणि तो तू मनावर घेऊ नकोस.

रेडिओवाला हे आजच कुरिअरने पाठवतो आहे, म्हणजे सोमवारी तुला मिळेल. पाकिटाच्या तळाशी कापडात गुंडाळलेली वस्तू आहे, ती नीट काढून घे. तुझीच आहे. इतकी वर्षे बटणांच्या डबीत होती. स्क्रू ठेवताना सापडली.

नर्स मंगळवारी दहाला येते. घंटा वाजवू नकोस, तो दचकतो. किल्लीने उघड आणि सरळ आत ये. मी यंत्रामागे असेन.

तुझ्याच बाकावरची,
पट्टी