चूक निघावी म्हणून

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत, असं लिहायची सवय म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, तेव्हा पत्र. वहिनीची पाठ कशी आहे?

बाबांची हृदयाची रक्तवाहिनी पुन्हा उघडावी लागली, तीच, जुन्याच जागी. आयुष्यभर लोकांचे नळ दुरुस्त केलेला माणूस. टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरांना म्हणाले, "मागच्या खेपेला काम कच्चं झालं. या वेळी गॅरंटी किती?" डॉक्टर नुसते हसले.

माझं काम तुला ठाऊक आहे. अशा रुग्णांचं रक्त आमच्या प्रयोगशाळेत येतं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी किती चवताळल्यात ते मी बघते. वाहिनी उघडायला आत फुगा फुगवला, जाळी बसवली की शत्रू आला समजून त्या उठतात. बहुतेकांच्या काही दिवसांत निवतात. ज्यांच्या निवत नाहीत, त्यांची वाहिनी बऱ्याचदा पुन्हा बुजते.

बाबांच्या निवल्या नाहीत.

रक्ताची नळी हिंदकळली किंवा तापली तरी पेशी उगाच उठतात. म्हटलं, माझ्याच हातून काही झालं असेल. मग मी स्वतः पुन्हा रक्त काढलं. लिफ्टला हिसका बसतो म्हणून जिन्याने गेले, तान्हं मूल न्यावं तशी नळी धरून. बाबा मागून म्हणाले, "इतकं जपून तू मला कधी नेलं नाहीस."

आकडा तोच आला. इतकी वर्षं हे काम करते, पण आपली चूक निघावी म्हणून देवाला हात कधी जोडले नव्हते. मला फार भीती वाटते, दादा.

डॉक्टर म्हणाले, नुसत्या पेशींवरून काही ठरत नाही. काल त्यांनी वाहिनी तपासली. ती बुजत चाललीय. आता परत उघडता येणार नाही आणि मोठं ऑपरेशन त्यांना झेपणार नाही. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

तुझं नाव त्यांनी काढलं नाही, खोटं कशाला सांगू. तुमचा अबोला जिथल्या तिथे आहे. पण काल मी इस्पितळात त्यांच्या पलंगाजवळची दुसरी खुर्ची उचलायला गेले, तर म्हणाले, "राहू दे. कोणी आलं तर."

माझ्याशिवाय इथे कोणी येत नाही.

मागच्या वेळी लिहिलं होतं, सवडीने ये. या वेळी तसं लिहीत नाही. तू येशील असंही मला वाटत नाही.

खुर्ची तिथेच आहे.

तुझी,
धाकटी