एकसष्ट पायऱ्यांची इटली

३ डिसेंबर १९५४
इटलीकरांचं पत्र. (हे आडनाव सौ.नं ठेवलेलं. खरं नाव तिला उच्चारता येत नाही. मलाही.) आठ वर्षं आम्ही संस्कृतातून पत्रं लिहितो, एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. आता म्हणतात, चैत्रात या, दोघंही या, सहा महिने फ्लॉरेन्स शहरात राहा, पत्रांतून अर्धवट वाचलेली ती पोथी डोळे आहेत तोवर एकत्र बसून वाचून टाकू. प्रवासाचं त्यांचं विद्यापीठ पाहणार. त्यांच्या कै. आईच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत.
पुढे: गृहं चतुर्थे तले, सोपानानि च द्विनवतिः। चौथा मजला, ब्याण्णव पायऱ्या. सत्तरीतही रोज चढतो म्हणे. फुशारकी देववाणीतही छान जमते.
सौ.ला अर्थ सांगितला. पहिला प्रश्न : "मोरी वर आहे का खाली?"
याबद्दल इटलीकरांच्या पत्रात अक्षर नाही.

६ डिसें.
तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. मला रजा मिळेल, पुढच्या वर्षी निवृत्तीच. आगबोटीच्या कचेरीला जानेवारीअखेर होकार हवा. मी मनानं केव्हाच जाऊन बसलो आहे. काळजी सौ.ची. वय एक्कावन्न. पायांची चिंता नाही. मंठ्याकडच्या शेतात वाढलेली, तीस वर्षं मी मागून "अगं, हळू" म्हणत चालतो. पण मी दिवसभर पोथीत, आणि ही उंचावरच्या खोलीत एकटी. भाषा नाही, शेजारीण नाही. करमेल का, विचारलं.
"न जाता कसं सांगू? आधी जवळ कुठं राहून बघू की."
थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

९ डिसें.
जुन्या जालन्यात शेठजींच्या कापडदुकानावर तिसऱ्या मजल्याची खोली रिकामी आहे. त्यांचा थोरला माझ्या हाताखालून शिकून गेलेला. तीन जिने, एकसष्ट पायऱ्या. म्हणजे दोन तृतीयांश इटली. शेठजी म्हणाले, "मास्टरसाब, शौक से रहो. पण इटली म्हणजे... आमच्या कमऱ्यात?"
"बिलकुल."
तीन आठवडे ठरले. नियम सौ.नं केले : (१) घर दहा मिनिटांवर असलं तरी विसरलेलं आणायला जायचं नाही. (२) ओळखीच्यांकडे जायचं नाही. (३) आपण दोघं सोडून कुणाशी मराठी बोलायचं नाही. शाळेपुरती मला सूट.

१२ डिसें.
प्रस्थान. एक ट्रंक, एक वळकटी. टांगेवाला : "कुठं निघाले मास्तर?" मी म्हटलं, परदेशी. कापडगल्लीत उतरलो तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं ते बघणं विसरणार नाही.
पोळपाट राहिला. "जाऊन आणू का?" "इटलीहून?" थाळी उपडी घालून पोळ्या लाटल्या. आकार इटलीच्या नकाशासारखा म्हणालो. दोन कमी वाढल्या.

१४ डिसें.
आज ती भाजीला गेली. नियम तिसरा. वांग्यांवर बोट ठेवून दोन बोटं दाखवली, भावाला मान हलवली, नाहीला हात. भाजीवालीनं पदर सावरून नमस्कार केला आणि मूठभर कोथिंबीर वर घातली : "माय, मौन धरलंय का? किती दिवसाचं?" सौ.नं काय करावं? एकवीस दिवस दाखवले.
वर आल्यावर मला म्हणाली, "मंग काय सांगू? इटलीला निघाले म्हणून? आणि सांगायचं कोणत्या भाषेत?"
संध्याकाळपर्यंत बोळात बातमी : मास्तरीणबाईंचं व्रत.

१७ डिसें.
शाळेतून आलं की तीन जिने. पहिल्या दोन दिवसांत कळलं नाही. आता दुसऱ्या जिन्याच्या वळणावर छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं होतं, डाव्या अंगाला. थांबलो की जातं. तिथं एक खिडकी आहे. मी म्हणतो, काय दृश्य आहे! दृश्य म्हणजे समोरच्यांचं धान्याचं गोदाम.
आज सौ. सोबत होती. तिला सांगितलं, श्लोकात चरणाच्या शेवटी यती असते, श्वास घ्यायची जागा. तशी ही जिन्यातली यती.
"असंल. पण तुमची यती लांबून राह्यली."
हसलो. हसायलाही श्वास लागतो.

२० डिसें.
सौ.ला करमत नाही ही माझी भीती फोल. शेठजींच्या आई, माँजी, दुसऱ्या मजल्यावर असतात. ऐंशीच्या घरात, फक्त मारवाडी. दुपारभर दोघी पापड लाटतात. एक बोलते, एक मौन. सौ. म्हणते, माँजींची तीन बाळंतपणं, एक बुडालेलं पोर, सासूचा जाच, सगळं समजलं. "शब्द न्हाई कळले. पण काय राह्यलं त्यात कळायचं?"
मी आठ वर्षं शब्दच पाठवतोय.

२२ डिसें.
आज जिना चढताना पहिल्याच वळणावर सौ. बसली. "गुडघा." कोणता? उजवा. मी शेजारी टेकलो. तिनं बराच वेळ गुडघा चोळला. मला धाप लागली नाही, वर गेलो. दुसऱ्या वळणावर पुन्हा गुडघा.
चिंता. ब्याण्णव पायऱ्यांचं काय करायचं हिच्यासाठी?

२५ डिसें.
शेठजी वर आले. "मास्टरसाब, बाईंचं व्रत पुरं कधी? माँजी म्हणते उद्यापन मीच करणार. पाच सवाष्णी जेवणार." मी खरं सांगायला तोंड उघडलं. सौ.नं मागून सदऱ्याला हिसका दिला. म्हातारीनं गहू निवडायला घेतलेत म्हणे. आता इटली रद्द झाली तरी चालेल, उद्यापन नाही.

१ जानेवारी १९५५
नीट लिहितो.
उद्यापन दुसऱ्या मजल्यावर, माँजींकडे. पहिला शब्द देवाचाच निघाला पाहिजे असं माँजींनी बजावलेलं. पाच सवाष्णी, शेठजी, दारात बायकांची दाटी, सौ. पाटावर, समोर समई. मी शाळेतून निघालो तो उशीर झाला म्हणून जिना भरभर चढलो. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर कठडा धरला. खिडकीपर्यंत गेलोच नाही. घाम. आज छातीवर पाट नव्हे, दळायचं जातं.
जिन्यातली पावलं थांबलेली ऐकून सौ. पाटावरून उठून दाराशी आली, वरून मला बघितलं आणि एकवीस दिवसांच्या मौनानंतर, सगळ्यांसमोर, सौ.चा पहिला शब्द :
"अहो! थांबा तिथंच!"
मग तिनं बायकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मटकन बसली. "माझा गुडघा."
मग काय, धावपळ. माँजींनी तेल कोमट करून आणलं आणि अर्धा तास त्या धडधाकट गुडघ्याला चोळलं. सौ. हूं का चूं न करता चोळून घेत होती. त्या गडबडीत मी पायरीवर बसून पाणी प्यायलो, कुणाचं लक्ष नव्हतं. माँजींचं होतं. म्हणाल्या काहीतरी. शब्द कळले नाहीत.
कळलं.

३ जाने.
घरी परतलो, स्वदेशी. पोळपाट जागेवर आहे.
एकटा डॉक्टरांकडे जाऊन आलो. सौ.ला सांगितलं, ग्रंथालयात जातो. त्यांनी नळी लावली, दोनदा लावली. "मास्तर, हृदय थकलंय. सपाटीवर चाला, आगबोटीला माझी हरकत नाही. पण जिने बंद. चौथा मजला तर नावच काढू नका." गोळ्या दिल्या, सकाळी एक. पुडी व्याकरणाच्या पोथीत ठेवली. तिथं सौ. कधी हात लावत नाही.

४ जाने.
सकाळी पोथीशेजारी पाण्याचं भांडं, वर झाकण.
गोळी घेतली, भांडं तिथंच उपडं ठेवलं.

५ जाने.
इटलीकरांना पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. येणं होत नाही, असं एका वाक्यात लिहून झालं होतं. सौ. शेंगा सोलत होती.
"काय लिहून राह्यले?"
"नाही म्हणून."
शेंगा थांबल्या. "माझ्या गुडघ्याचं लिहा. बायकोला चढवत न्हाई, खाली एखादी खोली मिळंल का म्हणावं. त्यात लाजायचं काय?"
"तुझ्या गुडघ्याचं."
"मंग कोणाच्या?"
तिला जायचं आहे. मला वाटत होतं मी तिला नेतोय. पत्र लिहिलं : भार्याया जानु व्यथते, तळमजल्यावर जागा मिळाल्यास येऊ, न मिळाल्यास क्षमस्व. मोरीचंही विचारलं. संस्कृतात मोरीला शब्द शोधायला पाऊण तास गेला.

२६ जाने.
उत्तर नाही. आगबोटवाल्यांची मुदत पाच दिवसांवर.
सौ.नं लोकरीचे मोजे विणायला घेतलेत, मापं माझ्या पायाची. चैत्रात तिथं थंडी नसते म्हटलं. "आणि न्हाई गेलो तर इथं घालसाल." म्हणजे दोन्हीची तयारी.
झेंडावंदन आटोपून आलो तर म्हणते, माँजींचा निरोप आलाय, पापड नेऊन दे इटलीला. आता त्यांनाही ठाऊक.

२८ जाने.
डाक यायच्या सुमारास दोघं टपालकचेरीला गेलो. दाराशी चार पायऱ्या. चार. सौ. दुसरीवर थांबली.
"गुडघा."
"कोणता?"
जरा विचार करून डावा दाखवला. परवापर्यंत उजवा होता.
पायरी झटकली, शेजारी बसलो. पोस्टमनची सायकल अजून स्टेशनकडून आलेली नव्हती.