दोन्ही बहारांचा सूट

मोहगाव, रविवार, संध्याकाळ

मोबाईलवर गाडी चालवताना घालाचे सूट पाहू पाहू डोळे दुखून राहिले. एकाचं पावसाचं अस्तर आतून चेननं जोडता येते. ऊन, पाऊस, थंडी, सगळ्याले हाच चालते म्हणे. मले तोच पायजे होता. पचमढीले जायचं तर इकडं सौसरले ऊन, वर धुकं. पण भर पावसात रस्त्यावर जॅकेट काढून अस्तर कोण लावन?

एकटीनं गाडीवर जातो म्हटल्यापासून आठवडाभर बाबांनी नाही म्हटलं नाही, हो पण नाही. आज संत्र्याच्या बागेतून आले आन् मागून फोनात डोकावले.

"एका झाडावर थंडीतला आंबिया आन् पावसाळ्यातला मृग, दोन्ही बहार घेतो का आपण? झाड थकून जाते. उन्हाचा जाळीवाला घे. पावसाचा वेगळा, वरून घालाचा."

अस्तराचा नाद तिथंच सुटला. एवढी साधी गोष्ट मले काऊन सुचली नाही?

मग चहा पिता पिता म्हणाले, "वर थंडी असन. आतून स्वेटर घालशीन ना?"

मी हो म्हटलं. कप धुताना ध्यानात आलं, बाबा पण हो म्हणाले.