खिळ्यावरचा मुक्काम

नागपूर,
दसऱ्याच्या आधीचा मंगळवार

आदरणीय कामिनी आत्यास,
अश्विनचा सप्रेम जयभीम.

तुझे गुडघे बरे असतील, मामाजींचा खोकला गेला असेल, मेघाच्या बाळाला दुसरा दात आला असेल आणि कुहीचा धान लोंबीवर आला असेल, असं समजून चालतो. माझं विचारशील तर तब्येत ठणठणीत, फक्त उजवा पाय सारखा हलतो. बसलो की हलतो, उभा राहिलो की मीच हलतो. हे पत्र मी आतापर्यंत तीन ठिकाणी बसून लिहिलं आहे (दुकानाचा ओटा, सेटवरची मेकअपची खोली, आणि आता बसस्टँडचा बाक), म्हणून अक्षराकडे पाहू नकोस. फोन का नाही केला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला अडवतेस आणि जेवलास का विचारतेस. मग मी काय जेवलो ते सांगतो, तू त्यात काय कमी होतं ते सांगतेस, आणि मूळ गोष्ट राहून जाते. कागद मधे बोलत नाही.

मूळ गोष्ट सांगण्याआधी थोडं मागचं सांगावं लागेल. बाबांनी मला नट व्हायला दिलेली मुदत या दसऱ्याला संपते. शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात विश्वनाथकाकांच्या ठेक्यावर हजर व्हायचं आहे, कोळशाच्या पट्ट्यावर देखरेखीला. बाबांनी तीस वर्षं तिथेच तारा जोडल्या, त्यामुळे त्यांना ते काम म्हणजे काम वाटतं. बाबांचंही चुकत नाही. पाच वर्षांत त्यांना दाखवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? नाट्यस्पर्धेत शिपाई झालो (एक वाक्य होतं, ते दुसऱ्याने माझ्या आधी म्हणून टाकलं). गुडघेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत माझा गुडघा दिसला, आणि तोही मलम लावण्यापूर्वीचा. दोनदा मुंबईला गेलो. पहिल्यांदा म्हणाले, चेहरा फार गावचा आहे. दुसऱ्यांदा दाढी कोरून, केस वळवून गेलो, तर म्हणाले, आम्हाला गावचा चेहरा पाहिजे होता. घरून ऑडिशन रेकॉर्ड करून पाठवायची सोय आहे म्हणून ते केलं, तर नेमकं मी बापाच्या मरणाची बातमी ऐकतो त्या जागी शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. मी ती वेदनेत सामावून घेतली, पण त्यांनी उत्तर दिलं नाही. अर्धा दिवस लकडगंजात प्लायवूडच्या दुकानात मापं लिहितो, उरलेला अर्धा दिवस फोनकडे पाहतो.

आणि मग उन्हाळ्यात मला भूमिका मिळाली. आईने तुला अर्धं सांगितलंच असेल. अर्धंच, कारण उरलेलं सांगायच्या आत ती दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवते. तू मालिका पाहत नाहीस, डोक्यात भुसा भरतो म्हणतेस, म्हणून नीट सांगतो. मालिका मुंबईच्या वाहिनीची, पण गोष्ट इकडची, संत्र्याच्या बागाईतदारांची. म्हणून शूटिंग इथेच, वर्धा रोडच्या पुढे भाड्याच्या बंगल्यात. त्यात घरातला थोरला मुलगा दिवाकर, तो मी. करारात ‘महत्त्वाची भूमिका’ असं छापलेलं होतं. मी पेढे वाटले. पहिल्या दिवशी इस्त्रीचे दोन शर्ट घेऊन गेलो, तर दिग्दर्शक मोनाली मॅडम म्हणाल्या, तुमचा एखादा हसरा फोटो आहे का? दिवाकर गोष्ट सुरू होण्यापूर्वीच अपघातात गेलेला आहे. दिवाणखान्यात त्याचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला. ती माझी भूमिका. करार खोटा नव्हता, आत्या. सगळी गोष्ट माझ्याभोवतीच फिरते, फक्त मी फिरत नाही.

फोटो मेघाच्या लग्नातला दिला. तू मला जबरदस्तीने तिसरी जिलेबी भरवत होतीस आणि मी हसत होतो, तो. त्यांनी तुला कापून काढलं, पण उजव्या कोपऱ्यात तुझ्या हिरव्या साडीचा पदर बोटभर राहिला आहे. म्हणजे तसं पाहिलं तर मालिकेत तूही पहिल्या दिवसापासून आहेस.

आता फोटोला रोज सेटवर जायची गरज नसते. तरी मी जात होतो. न जाणो, फोटो पडला, फुटला, भिजला. भिंतीला रंग दिला त्या दिवशी माझा फोटो धरून दोन तास मीच उभा होतो. माझी बायको झालेली नूपुर फोटोसमोर फार सुंदर रडते, पण एके दिवशी तिने मला हात जोडून बाहेर जायला सांगितलं. मी समोर दिसलो की तिला रडू येत नाही. मी बाहेर जाऊन फेऱ्या मारल्या. इकडे दुकानात निराळेच हाल. एक बाई दाराचं माप घेऊन आल्या, मी फूट आणि इंच लिहीत असताना माझ्याकडे पाहत राहिल्या आणि हळूच दोन पावलं मागे सरकल्या. “तुमी तं गेले नं गा?” म्हणाल्या. मी म्हटलं, मालिकेत गेलो. “मंग इथं काय करून राहिले?” मी इंच लिहून माप पुढे केलं. दार त्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतलं.

खरी पंचाईत घरी झाली. दुसरं घर असतं तर आईने पहिल्याच दिवशी जिवंत पोराला हार कसा घातला म्हणून सेटवर जाऊन रडारड केली असती आणि विषय संपला असता. पण आपलं घर पडलं असलं काही न मानणारं. बाबांनी स्कूटर मुद्दाम अमावास्येला घेतली. दर बुद्ध पौर्णिमेला कॉलनीच्या विहारात अंधश्रद्धेवर पाऊण तास बोलतात. आणि तुझं तर काय सांगावं, कुहीत लोकांच्या दारावरची लिंबं उतरवून अंगणवाडीच्या पोरांना सरबत पाजणारी बाई तू (हे मी इथल्या सगळ्यांना सांगतो, मोनाली मॅडमलाही सांगितलं. तुझ्यासारखी निधड्या छातीची बाई आपल्या खानदानात दुसरी नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागेल). तर हार खुपतो, असं आमच्या घरात कोणी म्हणू शकत नव्हतं. साडेसातला मालिका सुरू झाली की आईला एकाएकी शेजारी कढीपत्ता मागायला जावंसं वाटायचं. घरामागे कढीपत्त्याचं झाड आहे. बाबा म्हणायचे, मी हे पाहत नसतो. आणि पाहत नसलेल्या मालिकेतल्या चुका मला फोनवर सांगायचे. फोटो डावीकडे झुकला आहे. चंदनाचा हार धूळ धरतो, फार दिवस ठेवू नये. मग म्हणाले, त्या भिंतीवरचा दिवा लुकलुकतो, तिथली वायरिंग धोक्याची दिसते, आपण असं चालू देऊ नये.

तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारी बाबा सेटवर हजर. खिशात टेस्टर, काखेत घडीचं स्टूल. मी बोलावलं नव्हतं. पाच वर्षांत बाबा माझ्या कोणत्याही कामाच्या ठिकाणी आले नव्हते, त्यामुळे मी इतका गडबडलो की ओळख करून देताना मॅडमना ‘बाबा’ म्हणालो. जेवणाची सुट्टी होती. बाबांनी सरळ भिंत गाठली. स्टूल लावून चढले, दोन मिनिटांत दिवा दुरुस्त केला, उतरले, “आता ठीक आहे” म्हणाले आणि माझ्याकडे न पाहता बसला निघून गेले. मला वाईट वाटलं. निदान फोटो कसा दिसतो एवढं तरी म्हणायचं.

त्या दुपारी नूपुरचा मोठा प्रसंग घेतला. दिवाकरच्या फोटोसमोर उभी राहून ती दुसऱ्या लग्नाला नकार देते. सगळ्यांचं लक्ष तिच्या डोळ्यांकडे, फोटोकडे कोण पाहतो? प्रसंग दाखवला गेला आणि रात्रभर लोकांनी लिहून लिहून उच्छाद मांडला. कालपर्यंत फोटोला हार होता, आज नाही! तिने काढला! म्हणजे तिला ठाऊक आहे! म्हणजे दिवाकर जिवंत आहे! सकाळी इथे सगळे एकमेकांवर ओरडत होते, तेवढ्यात मुंबईहून वाहिनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला की ही हार काढण्याची कल्पना ज्याची असेल त्याला आमचा सलाम सांगा. आमचा लेखक पियूष, त्याने तिथल्या तिथे मान खाली घालून सांगितलं की ही गोष्ट तो महिनाभर मनात ठेवून होता.

तर आत्या, मी परत येतो आहे. पियूषने मला स्मृती गेलेला आणि वाचा बसलेला असा आणला आहे, म्हणजे पहिले पंधरा भाग मला एकही वाक्य नाही. पण चालेन. दारातून आत येईन. मान वळवीन. माझा पहिला दिवस येत्या शुक्रवारी, सकाळी आठ वाजता. कोळशाच्या पट्ट्याची वेळ काय होती ते वर लिहिलंच आहे.

हे सांगायला मी रविवारी खापरखेड्याला घरी गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलो तर आतून आईचा आवाज. टेस्टर शोधताना तिला बाबांच्या हत्यारांच्या पेटीत पेपरात गुंडाळलेला चंदनाचा हार सापडला होता. बाबा म्हणाले, “वायर पाहायले अडचण होऊन राहिली होती.” आई म्हणाली, “मंग परत काहून नाही घातला?” बाबांनी पेटीचं झाकण लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “माह्यं पोरगं समोर उभं होतं वं. त्याच्या डोळ्यादेखत त्याच्या फोटोले हार कसा घालू?”  मी तसाच मागच्या मागे अंगणात गेलो आणि कढीपत्त्याजवळ उभा राहून रडलो. पाच वर्षं मी रडण्याचा सराव करतो आहे, ऑडिशनला एकदाही आलं नाही. मग तोंड धुऊन आत गेलो आणि काम मिळाल्याचं सांगितलं. बाबा म्हणाले, “किती दिवसाचं?” मी म्हटलं, ठाऊक नाही. ते “हं” म्हणाले. हाराचं मी काढलं नाही, त्यांनीही नाही. शुक्रवारचं मात्र त्यांनी काहीच सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही. ठेक्यावर जा म्हणाले तर या पाच वर्षांवर पाणी, नको जाऊ म्हणाले तर विश्वनाथकाकांकडे त्यांचा शब्द जातो. तेव्हापासून हा पाय.

मामाजींना जयभीम, बाळाला पापा. पत्र कुहीच्या बसच्या कंडक्टरकडे देतो आहे, संध्याकाळपर्यंत मिळेल.

तुझा भाचा,
अश्विन

ता. क. एक बारीकसं राहिलं. मी जिवंत झालो म्हणून माझा फोटो उतरवला, तर भिंतीवर चौकोनी डाग निघाला. तिथे काहीतरी टांगणं भाग होतं. मेघाच्या लग्नाचा अख्खा फोटो मॅडमकडेच होता. त्या म्हणाल्या, या जिलेबी भरवणाऱ्या बाई कोण? काय माया आहे चेहऱ्यावर! दिवाकरची आजी म्हणून याच लावू. तर आत्या, तू कालच्या भागापासून गेलेली आहेस. केस थोडे पांढरे केले आहेत. हार नवा आणला आहे, तुझ्या मानाने मोठा. सोबत संमतीपत्र ठेवलं आहे, फुलीच्या जागी सही कर. तू काही मानत नाहीस म्हणूनच आधी विचारलं नाही.

ता. क. २. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. ते मालिका पाहत नाहीत, तेव्हा काळजी नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. आत्ता आईचा फोन आला. काल साडेसातला बाबा दाराआड उभे होते. भाग संपल्यावर तीनदा म्हणाले, “कामिनीले फोन लाव, तब्येत विचार.” आज सकाळी टेस्टर खिशात घातला, स्टूल पुसलं, फाटकाशी विश्वनाथकाकांना थांबवून सांगितलं की अश्विन शुक्रवारी येत नाही, आमच्या घरची दोन माणसं सध्या कामात आहेत, आणि नागपूरच्या बसमध्ये बसले. माझा पाय थांबला आहे. पण दुपारपर्यंत तू जिवंत झालेली असशील. गुरुवारी दीक्षाभूमीवर येतेसच, तर पिशवीत पांढऱ्या साडीखाली ती हिरवीही टाक, फोटोत तीच आहे. आणि धान मामाजींवर सोपवून ये.