चौकातला माझा फोटो

रवि. २ फेब्रु.
आजही प्रत्येक छर्र्याला दहापैकी सात नाहीतर आठ. एक छर्रा तर काळ्या गोलाच्या बाहेर, पांढऱ्यावर. शेजारी सराव करणारी कॉलेजची मुलगी बघून न बघितल्यासारखं करते, ते जास्त लागतं. २३ ला पहिली स्पर्धा. हात अजून हलतोय. शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात टार्गेट बघू नका ताई, पिस्तुलाची पुढची साइट, नळीच्या टोकाची खूण, बघा. त्या पंचविशीच्या, मी चाळिशीला टेकलेली. त्यांना मी मॅडम म्हणायचं, मला त्या ताई.

सराव संपल्यावर त्या खाली चहाला गेल्या आणि माझा धाकटा भाऊ विकी मला न्यायला आला. म्हणाला, ताई, एक फोटो होऊन जाऊ दे. पिस्तूल रिकामं होतं. दोन्ही हातांनी धरलं, सरळ मोबाइलवर रोखलं, बोट ट्रिगरवर, एक डोळा बारीक. या खेळात एकाच हातानं धरतात, समोर माणूस असताना तर उचलायचंही नसतं. माहीत होतं की. पण फोटो झकास आला. किती वर्षांनी स्वतःचा फोटो आवडला.

मंगळ. ४
फर्स्ट शिफ्ट. कंपनीची बस पिंपळे गुरवच्या चौकात आली आणि सगळ्यांच्या माना डावीकडे. फ्लेक्स. वरती वॉर्डाच्या पुढाऱ्याचा, दादांचा चेहरा, माझ्या चौपट. खाली मी, पिस्तूल रोखून. 'आमच्या भगिनी, राष्ट्रीय नेमबाज, हार्दिक अभिनंदन.'

राष्ट्रीय. अजून गल्लीतली स्पर्धा खेळलेली नाही. फी भरली की कुणालाही भाग घेता येतो असली ही स्पर्धा, आणि अभिनंदन कशाचं? चाकणला पोचेपर्यंत बसमध्ये एकच विषय. गेज रूममध्ये, जिथं आम्ही पार्ट मोजतो, तिथं तर दिवसभर, "भावा, मापं नीट घे, नाहीतर ताई गोळी घालतील." मीही हसले. काय करणार.

विकी दादांच्या ऑफिसात असतो, उद्योग त्याचाच. विचारलं तर म्हणे लोकांची बहीण असं काही करते का, तू उगाच लाजतेस.

गुरु. ६
पप्पांनी सकाळचा चहा घरचा बंद केला. फ्लेक्सच्या बरोब्बर समोर टपरी आहे, तिथं जाऊन बसतात. लातूरकडून आले, सगळी नोकरी प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबण्यात गेली, कधी कुणी नावानं हाक मारली नसेल. आता येणाऱ्याजाणाऱ्याला बोटानं दाखवतात, आमची मुलगी. टपरीवाला त्यांच्याकडून पैसे घेत नाही म्हणे.

त्यांना खरं सांगायला हवं. आज नाही.

शनि. ८
मॅडमपर्यंत फोटो गेला. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला.

ओरडल्या नाहीत. माझ्या हातातलं पिस्तूल घेतलं, पेटीत ठेवलं, पेटी बंद केली. मग विचारलं, पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं, म्हणा. सगळ्यांसमोर म्हटलं मी. माणसाकडे रोखायचं नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. शाळेत पाढे न आलेल्या मुलीसारखी उभी होते. वर तोंडातून गेलंच, की रिकामं होतं.

"डोळा फोडणारा प्रत्येक जण हेच सांगतो, ताई."

तो फोटो उतरेपर्यंत स्पर्धेच्या फॉर्मवर क्लबतर्फे सही करणार नाहीत. फॉर्मची मुदत १५. बरोबर आहे त्यांचं. लोकांना वाटणार, या इथं असंच शिकवतात. कान अजून गरम आहेत.

रवि. ९
विकी म्हणतो, दादांचा फ्लेक्स उतरवायची कुणाची टाप आहे? १९ ला शिवजयंती, तेव्हा नवे लागतील, हा आपोआप जाईल. अरे पण १५! "मग पुढच्या वर्षी खेळ ना."

रात्री सरावासाठी पाण्याची बाटली धरून हात लांब करून उभी राहिले.

बुध. १२
आज स्वतःच दादांच्या ऑफिसात गेले. वाक्य पाठ केलं होतं. फ्लेक्स चांगला आहे, फक्त फोटो काढून टाका. दादा समोर आले, म्हणाले, बोला ताई, काय सेवा? आणि मी म्हटलं, काही नाही, आभार मानायला आले.

आभार!

शाल घातली त्यांनी. नारळ दिला. परत फोटो. मी हात जोडून हसतेय. पप्पांनी शाल घडी करून शोकेसमध्ये ठेवली. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

शुक्र. १४
सांगितलं पप्पांना. आधी स्पर्धेचं. कुणीही भाग घेऊ शकतो, मी राष्ट्रीय वगैरे काही नाही, सगळ्यात कच्ची आहे. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. कच्ची असलीस म्हणून काय झालं, म्हणाले. मग फोटोचं सांगितलं. असं कधीच धरायचं नसतं, माणसावर तर नाहीच.

मग म्हणाले, "म्हणजे मी रोज समोर चहा पीत बसायलो, अन् तू माझ्यावरच धरून हाईस."

हो म्हटलं.

"अन् तुला हे ठाऊक होतं. तरी मला तिथं बसू दिलीस."



शनि. १५
सुट्टी टाकली. इलेक्ट्रिकच्या दुकानातून शिडी मागून आणली. चौकात भर गर्दीची वेळ. अर्ध्यावर चढले तोच शिडी हलली. खालून कुणीतरी शिडी घट्ट धरली. बघते तर पप्पा. घरून निघताना त्यांना काही बोलले नव्हते मी.

कटरनं फक्त माझा चौकोन कापला. दादा वर तसेच, खाली भोक. लोक जमले. एक जण म्हणाला, अहो ताई, काय झालं? मी वरून म्हटलं, फोटो नीट आला नाही. तिथंसुद्धा खोटंच.

पप्पा खालून मोठ्यानं म्हणाले, "चुकीचं धरलंय तिनं. माणसावर धरायचं नसतंय. म्हणून काढायली."

सगळ्या चौकानं ऐकलं. वरच थांबावंसं वाटलं, उतरूच नये. मग उतरले. कुणी हसलं नाही, किंवा हसलं असेल, मी वर बघितलंच नाही.

मॅडमना भोकाचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. मुदत संध्याकाळपर्यंत. विकीचा फोन येतोय सारखा, उचलायची हिंमत नाही. त्याची नोकरी राहते का जाते कोण जाणे. त्याचा विचार मी शिडीवर चढताना केलाच नव्हता.

आत्ता पप्पा येऊन बसलेत. विचारतायत, तेवीसला बघायला आलो तर कुठं उभं राहायचं? म्हटलं, मागे. सगळे मागेच उभे राहतात. पण पप्पा, अजून सही झालेली नाही.

"ते कळालं मला. मी जागा विचारायलो."